कापलेला कोपरा

रबर ही वस्तू आमच्या घरात आली ती बापूदादाच्या जेवणाच्या डब्यातून. तो नाशिकजवळच्या सातपूरला एका कारखान्यात अप्रेंटिस होता, आणि त्याच्या कारखान्याच्या भिंतीला लागून गॅस्केट कापणारं एक छोटं वर्कशॉप होतं. तिथून फेकलेले रबराचे तुकडे रस्त्याकडेला ढिगानं पडलेले असत. बापूदादा संध्याकाळी येताना त्यातले चांगले जाड, सपाट तुकडे निवडायचा आणि डब्याच्या वरच्या पुडात घालून आणायचा. आईचं डोकं त्या वासानं उठायचं. "अरे मेल्या, भाजीला टायरचा वास येतोय रे. उद्यापासून डब्यात रबरच देते, तेच खा," असं ती म्हणायची आणि डबा दोनदा राखेनं घासायची. तो हसायचा, उत्तर द्यायचा नाही. बोलणं हा त्याचा प्रांत नव्हताच. माझा होता. घरात जिथे जिथे तोंड चालवायची गरज असे तिथे मी हजर असायचे, आणि जिथे ते चालवायलाच हवं होतं तिथे मात्र गप्प बसले. ती गोष्ट मला आता, सत्तरीच्या उंबऱ्यावर, लिहून काढायची आहे. एका माणसाखेरीज आजवर ती मी कुणाला नीट सांगितलेली नाही.

दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहत होतो. बाबा, आई, मी, माझा धाकटा भाऊ मिलिंद आणि बापूदादा. बापूदादा माझ्या आत्याचा मुलगा, एकुलता एक. मी तेव्हा तेरा वर्षांची, तो एकोणीसचा. आत्या देवळ्याच्या बाजूला एका खेड्यात राहायची, तिचा नवरा बापूदादा लहान असतानाच गेला होता. दोन एकर रान ती एकटी करायची. बापूदादानं आयटीआय केलं ते आमच्याकडे राहून, आणि मग लेथवर टर्नरचं काम शिकायला कारखान्यात चिकटला तोही आमच्याकडूनच. आमच्या घराचं घड्याळ भिंतीवर नव्हतं, ते बाबांच्या पाळीत होतं. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे स्टोव्हचा फरफराट, सेकंड असली की दुपारी ताटं लवकर, आणि थर्ड असली की दिवसभर घरात कुजबुज. बाबा बाहेरच्या खोलीत टॉवेल डोळ्यांवर घेऊन झोपायचे, त्यांचे दोन तळवे उंबऱ्याकडे आलेले असायचे, आणि आम्ही त्यांना ओलांडून ये-जा करायचो. लांबून प्रेस मशीनची धपधप चालू असायची. पाहुणे आले की विचारायचे, हा कसला आवाज? आम्ही म्हणायचो, कसला? आम्हाला तो बंद पडला तरच ऐकू यायचा.

आई निफाडकडची, बाबा देवळ्याकडचे, त्यामुळे भाषेवरून घरात कायम चेष्टा चाले. आत्या आली की आई मुद्दाम तिच्या अहिराणीत विचारायची, "आक्का, आज भाजी काय शे?" आत्या रागवायची नाही. ती म्हणायची, "तू 'लय लय' करस ते चालस का?" आणि भाकरीचा घास ठेच्याला लावायची. दर उन्हाळ्यात ती एक गोणी कांदे घेऊन यायची. मग महिनाभर आमच्या घरात कांदा सोडून दुसरं काही शिजायचं नाही. कांद्याचं पिठलं, कांद्याची भजी, चुलीत भाजतात तसा स्टोव्हवर जाळीवर भाजलेला कांदा. मिलिंद म्हणायचा, आपण आता रडलो तरी कुणाला कळणार नाही.

कार्डांचं वेड असं लागलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं दिवाळीला मला दुकानातलं ग्रीटिंग कार्ड दिलं होतं. चकचकीत, आत चंदेरी अक्षरं. मला वाटलं, वैशाखी पौर्णिमेला, बुद्धजयंतीला, आपणही सगळ्यांना असं काही पाठवावं. आईनं सांगितलं, पाठव की, पोस्टकार्ड आण आणि लिही. पोस्टकार्ड म्हणजे ते पिवळट, खरखरीत. माझं तोंड पडलेलं बघून बापूदादा म्हणाला, "त्याच्यावर शिक्का मारू. चित्राचा." त्यानं हॅक्सॉच्या तुटक्या पात्याला दगडावर घासून धार लावली, त्याला चिंध्यांची मूठ बांधली, आणि त्या रात्री जेवणानंतर रबराच्या तुकड्यावर 'मंगल कामना' कोरायला बसला. मी पेन्सिलीनं अक्षरं काढून दिली होती, माझ्या सुंदर हस्ताक्षरात. शिक्का उमटला तो उलटा. बाबांनी ते कार्ड हातात घेतलं, आईची आरशाची फणीपेटी उघडली, आरशासमोर धरून मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "छान आहे. प्रत्येक कार्डाबरोबर एक आरसा पाठवा." दुसऱ्या दिवशी बापूदादानं मला समजावलं की उलटं कोरलं तर सुलटं उमटतं. तेल लावलेल्या कागदावर अक्षरं काढायची, कागद पालथा घालायचा आणि गिरवायचं. त्याला असल्या गोष्टी कुणी शिकवाव्या लागत नसत.

मग आम्ही ठरवलं की अक्षरांचा शिक्का सगळ्यांना एकच, पण चित्र प्रत्येकाचं वेगळं. ज्याला कार्ड जाणार त्याचं काहीतरी. हे डोकं माझं, हात त्याचे. निफाडच्या मामाला द्राक्षाचा घड, तो सोपा होता, पेन्सिलीच्या मागच्या रबरानंच मणी उमटवले. आमच्या मराठीच्या बाईंना छत्री, कारण त्या ऊन असो पाऊस असो छत्रीशिवाय दिसत नसत. बाबांना आम्ही घरातल्या घरात एक कार्ड दिलं, त्यावर नुसते दोन तळवे. बाबा ते बघून इतके हसले की त्यांची झोप मोडली. आईला स्टोव्ह आणि शेजारी त्याचं भोक मोकळं करायची पिन. "माझ्या नशिबी पिनच," ती म्हणाली, पण ते कार्ड तिनं पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं, आणि पीठ काढताना दर वेळी ते दिसायचं.

आत्याचं काय काढायचं, हा प्रश्न बापूदादानं माझ्यावर सोडलाच नाही. त्याचं ठरलेलं होतं. डोंगळा. कांदा बियाण्यासाठी ठेवला की त्याला उंच दांडा येतो आणि वर पांढऱ्या बारीक फुलांचा गोल झुपका, त्याला डोंगळा म्हणतात. आत्या बांधाला दरवर्षी डोंगळ्यांची एक ओळ ठेवायची आणि तिला कुणाला हात लावू द्यायची नाही. बापूदादा म्हणायचा, "मायला कांद्यापेक्षा डोंगळ्याचा लोभ." तो शिक्का त्यानं चार संध्याकाळ कोरला. प्रत्येक फूल म्हणजे रबरात उभा ठेवलेला एक ठिपका, बाजूचं सगळं खरवडून काढलेलं. जिभेचं टोक ओठाबाहेर, दिव्याकडे पाठ केलेली, मान वाकडी. मिलिंद त्याच्या मानेवर फुंकर घालायचा तरी तो हलायचा नाही.

आत्याबद्दल एक सांगायचं राहिलं. तिला वाचता येत नव्हतं. बाबा तिच्याहून सहा वर्षांनी लहान. त्यांना शाळेत पोहोचवायचं काम तिच्याकडे होतं. नदी ओलांडून रोज न्यायचं, आणि परत एवढं चालून कुठे जा, म्हणून ती शाळेच्या पायरीवर बसून राहायची. आत बाबा बाराखडी म्हणायचे, बाहेर ही शेळ्यांसाठी पाला खुडत बसायची. चार वर्षं ती त्या पायरीवर होती. तिला आत ये म्हणायचं कुणाला सुचलं नाही. बाबा हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. "ती आत आली असती तर माझ्या पुढे गेली असती," असं ते म्हणायचे. मी हे अनेकदा ऐकलं होतं. तरीही पुढे जे केलं ते केलंच.

कार्डं करायचा दिवस रविवारचा होता. स्टॅम्पपॅडची जांभळी शाई, कपड्यांची नीळ पाण्यात कालवलेली, आणि एका बशीत हळदीचं पाणी. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली होती. पंधरा पोस्टकार्डं आणली होती, त्यातली चार मिलिंदनं सराव म्हणून वाया घालवली. आत्याचं कार्ड शेवटी ठेवलं, कारण तो शिक्का नाजूक होता. बापूदादानं तो स्वतः दाबला, अंगठ्यानं हळूहळू, एका कडेकडून दुसरीकडे. उचलला तेव्हा आम्ही तिघंही त्यावर वाकलो. पिवळट कार्डावर जांभळा डोंगळा उभा होता, एकूण एक फूल वेगळं. "झालं," तो म्हणाला आणि शिक्का धुवायला मोरीत गेला. तिथून त्याचा आवाज आला की दोन-तीन ठिपके तुटले, आता पुन्हा असा उमटायचा नाही. मी त्या कार्डावर मजकूर लिहायला घेतला आणि माझ्या अंगठ्याची शाई वरच्या कोपऱ्यात लागली. चांगला ठसठशीत डाग. पुसायला गेले तर पसरला.

त्याला हाक मारून दाखवायला हवं होतं. पण चार संध्याकाळ त्यानं मान मोडून घेतली होती आणि नासलं माझ्यामुळे, हे सांगायची लाज वाटली. आईची कात्री जवळच होती. मी डाग पडलेला कोपरा सरळ तिरका कापून टाकला. मागे पत्त्याच्या बाजूला तिथं काही छापलेलं नव्हतं, बिघडलं काहीच नाही. उलट मला ते कार्ड जरा फॅशनेबल वाटलं. आणि मनात एक वाक्य आलं, ते मला आजही शब्दाशब्दानं आठवतं. आत्याला काय कळतंय, तिला वाचता कुठे येतं? कापलेला तुकडा मी वर्तमानपत्रात गुंडाळला, कार्ड गठ्ठ्यात सगळ्यात खाली घातलं आणि पळत जाऊन नाक्यावरच्या पेटीत टाकून आले.

ज्यांनी खेड्यात दिवस काढले आहेत त्यांना एव्हाना कळलं असेल मी काय केलं ते. मला मात्र माहीत नव्हतं. मी सातपूरच्या कॉलनीत वाढलेली. आमच्याकडे वाईट बातमी आलीच तर कारखान्याच्या फोनवर यायची, नाहीतर तारेनं. पोस्टकार्डाचा कोपरा फाडून पाठवतात म्हणजे माणूस गेलेला असतो, आणि वाचता न येणाऱ्या घरातही तो कोपरा बघितला की रडणं सुरू होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. असं पत्र घरात ठेवत नाहीत, लगेच फाडून टाकतात. पोस्टमनसुद्धा ते हातात देत नाही, लांबूनच ठेवतो.

आत्याच्या पोस्टमननं तेच केलं. कांदाकाटणीचे दिवस, घरात कुणी नाही, त्यानं कार्ड ओट्यावर एका दगडाखाली ठेवलं आणि निघून गेला. दुपारी आत्या पाणी प्यायला घरी आली. गावात वाचणारे होते, पण शाळेला सुट्टी, मास्तर आपल्या गावी, बाकीची माणसं रानात. शेजारची एक पोरगी वाचणाऱ्याला शोधायला पळाली. आत्या थांबली नाही. तिला पत्र यायचं ते फक्त आमच्याकडूनच. सडकेवर नाशिकला निघालेला कांद्याचा ट्रक उभा होता, ती त्यात चढली. कार्ड तिनं फाडलं नव्हतं, मुठीत धरलं होतं. फाडलं असतं तर खरं ठरलं असतं, असं ती नंतर आईला म्हणाली.

त्या दिवशी बाबांची थर्ड शिफ्ट संपलेली होती. ते बाहेरच्या खोलीत झोपले होते, नेहमीसारखे, टॉवेल तोंडावर, तळवे उंबऱ्याकडे. आई आणि मी मागच्या अंगणात शेजारच्या काकूंबरोबर कुरडया घालत होतो. गव्हाच्या चिकाचा वास, काकूंच्या बांगड्यांचा आवाज, आणि कुणीतरी सांगितलेल्या कसल्याशा गमतीवर आम्ही तिघी हसत होतो. पुढच्या दारातून एक आवाज आला. मी तसा आवाज त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. मी धावत पुढे आले तर आत्या उंबऱ्यात बसलेली. उन्हातून आलेल्या तिच्या डोळ्यांना अंधाऱ्या खोलीत फक्त झाकलेलं एक शरीर आणि दोन तळवे दिसले होते. तिनं ते पाय छातीशी धरले होते. कमरेला कांदा कापायचा विळा तसाच खोचलेला, पदराला माती. बाबा दचकून उठले. आपला भाऊ उठून बसलेला बघून तिनं ते पाय सोडले, आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "मना पोऱ्या कोठे शे?"

आई म्हणाली, "आक्का, अवं तो कंपनीत गेलाय." कंपनीत, हा एकच शब्द तिनं ऐकला. प्रेसमध्ये बोटं गेलेली माणसं तिनं आमच्या कॉलनीत पाहिली होती. ती डोकं भिंतीवर आपटायला लागली. आईनं तिला धरलं. तिच्या मुठीतून बाबांनी कार्ड सोडवून घेतलं आणि ते बघून त्यांचा चेहरा उतरला, मग त्यांनी ते वाचलं आणि त्यांना हायसं वाटलं. "आक्का, ऐक. आनंदाचं पत्र आहे हे. पौर्णिमेच्या मंगल कामना, असं लिहिलंय. तुझ्या पोरानंच पाठवलंय. हा बघ डोंगळा." त्यांनी तीनदा वाचून दाखवलं. ती मान हलवत राहिली. "तू खोटं वाची राहिना, भाऊ. माले रडू येवाले नको म्हणून वाची राहिना. कोपरा खोटं बोलस नही."

बाबा तसेच बनियनवर सायकल घेऊन बापूदादाच्या कारखान्याच्या गेटवर गेले. अर्धा तास लागला असेल. तेवढ्या वेळात मला आईनं कोपऱ्याचा अर्थ सांगितला, आत्याला वारा घालत, दबक्या आवाजात. "कुनी कापला गं हा? तुमी पोरांनी कापला का?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "नाही." इतक्या सहज की मलाच ते खरं वाटलं.

बापूदादा आला तो धावतच, हात तेलानं काळे. आत्यानं त्याला मिठी मारली नाही. तिनं त्याला समोर बसवलं, त्याचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले आणि बोटं मोजली. एक एक धरून, दहाही. मग पुन्हा मोजली. पायाचीही. तिला दहापर्यंतच मोजता येत होतं आणि तेवढं पुरलं. मग ती रडली, तेव्हा आई आणि काकूही रडल्या, आणि मिलिंदनंही सूर लावला. मी स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. कामात असलेल्या मुलीला कुणी काही विचारत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

चहा झाला. सगळं हसण्यावारी जाणार असं वाटत होतं. बाबा म्हणत होते, आता आलीस तर चार दिवस राहा. तेव्हा आत्यानं ते कार्ड जमिनीवर सरळ केलं आणि माझ्याकडे, बापूदादाकडे, मिलिंदकडे बघत शांतपणे विचारलं, "कोनी कापा कोपरा?" तिच्या आवाजात राग नव्हता. मी तेव्हा बोलले असते, की आत्या, मी कापला, शाई लागली होती, तर काय झालं असतं? आईनं पाठीत एक धपाटा घातला असता. आत्यानं 'वेडी पोर' म्हणून कपाळाला हात लावला असता. दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं ती कांद्याकडे परत गेली असती. पण मी तिला वेडीपिशी झालेली बघितलं होतं, भिंतीवर तिच्या कपाळाचा डाग बघितला होता. तो माझ्यामुळे, हे आता सगळ्यांना कळणार, या भीतीनं मी म्हणाले, "पोस्टात फाटला असेल." आणि बाबांनी, माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्या माझ्या बाबांनी, त्यात भर घातली. "हो आक्का, शिक्का मारायच्या मशीनमध्ये अडकतात कधी कधी."

आत्यानं कार्ड पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाली, "मंग कोनीच कापा नही. हाऊ सांगावा शे, भाऊ." सांगावा म्हणजे निरोप. माणसानं कापला असता तर चूक ठरली असती. कुणीच कापला नाही, म्हणजे तो पाठवणारा दुसराच कुणीतरी. तिनं बापूदादाला मशीनपासून लांब न्यायचं तिथल्या तिथे ठरवलं. बाबांनी खूप समजावलं. "आक्का, आपण हे सगळं सोडलंय ना? शकुन-अपशकुन, देवदेवस्की. आपल्या दारावर धम्मदीक्षेच्या दिवशी काय लिहिलंय?" ती म्हणाली, "लिहेल ऱ्हाई. माले कोठे वाचता येस? माले एकच शे." ट्रेड परीक्षेला दोन महिने उरले होते. त्यानंतर त्याला कायम करणार होते, तसं फोरमननं बाबांना तोंडी सांगितलं होतं. बाबांनी तेही सांगितलं. दोन महिने तरी थांब म्हणाले. ती म्हणाली, दोन महिन्यांत काय व्हायचं ते दोन घटकांत होतं. बापूदादा एकदाच बोलला, "माय, नको ना असं." मग त्यानं तिच्या कपाळावरची जखम बघितली आणि तो उठून पिशवी भरायला आतल्या खोलीत गेला. संध्याकाळच्या एसटीनं ते दोघं गेले.

तो परत आला नाही. परीक्षेचं पत्र आलं, बाबांनी ते पुढे पाठवलं, उत्तर आलं नाही. तो आईचं रान करायला लागला, मग लग्न झालं, मुलं झाली. गावातली पाण्याची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा हात कुणी धरत नाही, असं बाबा कौतुकानं सांगायचे आणि सांगून झाल्यावर विषय बदलायचे. त्याच्या बरोबरीची मुलं सातपूरला कायम झाली, कुणी सुपरवायझर झालं, कुणी स्वतःचं लेथ टाकलं. मला त्यांच्यापैकी कुणी रस्त्यात दिसलं की मी दुसऱ्या फुटपाथवर जायचे. मी डी.एड. केलं, शिक्षिका झाले. प्रौढ बायकांच्या साक्षरता वर्गाला मी नेहमी पुढे असायचे. सुट्टीतही जायचे. लोक म्हणायचे, बाईंना केवढी तळमळ. मी ते कौतुक निमूटपणे घ्यायचे, अगदी निरोपसमारंभाच्या शालीपर्यंत. तळमळ वगैरे काही नव्हती. समोर पाटी घेऊन बसलेल्या प्रत्येक म्हातारीत मला आत्या दिसायची, आणि जिला वाचता येत नाही म्हणून मी निर्धास्त झाले होते, तिनं माझ्या कार्डावरचं तेवढंच नेमकं वाचलं होतं.

आत्याला सांगायचं म्हणून मी तीनदा गेले आणि तीनदा जेवून परत आले. एकदा तर तिनं स्वतःच तो विषय काढला. "त्या सांगावानी मना पोऱ्या वाचाडा," त्या सांगाव्यानं पोरगा वाचवला, असं ती सुनेला सांगत होती, केवढ्या समाधानानं. आता तिचं ते समाधान मोडायचा मला काय हक्क, अशी मी मनाची समजूत घातली. पळवाट होती ती. मग ती गेली. बाबा तिच्या आधीच गेले होते. उरला फक्त बापूदादा.

आत्याच्या वर्षाच्या कार्यक्रमाला गेले होते. वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. बापूदादा कांदा साठवायच्या चाळीत बसून सडके कांदे निवडत होता. मी त्याच्यासमोर पालथ्या घमेल्यावर बसले आणि सांगून टाकलं. शाई, कात्री, वर्तमानपत्र, सगळं. चाळीस वर्षं घोकलेलं होतं, पाच मिनिटांत संपलं. त्याचा हात थांबला नाही. चांगला कांदा उजवीकडे, सडका डावीकडे.

"माहीत व्हतं," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"अगं, पोस्टात फाटलेला कागद असा सरळ फाटतो का? टर्नर व्हनार व्हतो मी, मला सरळ रेघ कळत नाय? मायनं कार्ड खाली ठेवलं तवाच कळलं. कडेला शाईचा डाग पन अर्धा राहिला व्हता."

"मग तू का बोलला नाहीस, दादा? तुझं सगळं..." 

त्यानं एक कांदा हातात घेऊन दाबून बघितला, डावीकडे टाकला. "मी सांगितलं असतं तर मायनं मानलं नसतं. म्हनली असती, पोराला ऱ्हायचंय म्हनून पोरीवर ढकलतो. तूच बोलायला पायजे व्हतं." मग पुढचा कांदा उचलत तो म्हणाला, "मला वाटलं, बोलशील. सामान काय व्हतं माझं, दोन शर्ट अन् एक पँट. तरी तासभर पिशवी भरत बसलो व्हतो आत."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. घरातून त्याच्या सुनेनं चहाला हाक मारली तसा तो हात झटकत उठला. मी बसून राहिले. तो तास मला आठवत होता. मी शेजारच्या काकूंच्या घरात जाऊन बसले होते, दार लोटून घेऊन, आणि बापूदादा एकदाचा कधी निघतो याची वाट बघत होते.